जिजी म्हणाल्या, "पोराच्या मेंदूवर चरबीच धरली नाही" : मायलिन करणाऱ्या पेशींना कोण सांगतं?

तापीकाठची (धागा, सोमवार रात्री ९:४०)

भाचा सव्वा वर्षाचा झाला. तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन सव्वा किलो. जळगावच्या एका दवाखान्यात दीड महिना पेटीत होता. घरी आणला तेव्हा भरताच्या वांग्याएवढा दिसत होता, असं बहीण स्वतःच सांगते. आता बसतो, पण एका बाजूला कलतो. उभं धरलं की पाय कात्रीसारखे ताठ धरतो, टाचा टेकवत नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. रिपोर्टात दोन ओळी होत्या, त्यात एक शब्द 'डिलेड मायलिनेशन'.

घरात रिपोर्ट वाचणारी मी एकटी, कारण वीस वर्षांपूर्वी मी झूलॉजीत एम.एस्सी. केलंय. मी सगळ्यांना बसवून सांगायला लागले, की मेंदूतल्या तारांवर एक आवरण चढतं, ते याच्यात उशिरा चढतंय. जिजी शेंगदाणे पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "म्हंजे पोराच्या मेंदूवर चरबीच धरली नाही." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण जिजी बरोबर बोलल्या होत्या. मायलिन वाळवून तोललं तर त्यात ७० ते ८० टक्के स्निग्ध पदार्थच निघतात. फिरखो नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५४ साली त्याला मायलिन म्हटलं, ते 'मज्जा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

त्या रात्री झोप लागली नाही. जुनी वही काढली, नवीन बरंच वाचलं. इथे लिहितेय ते निम्मं स्वतःसाठी.

तार म्हणजे चेतापेशीचा लांब धागा. उघड्या बारीक धाग्यातून संदेश सेकंदाला ०.५ ते २ मीटर एवढाच सरकतो. मायलिन असलेल्या जाड धाग्यातून तोच १०० मीटरच्या वर जातो. भुसावळहून सुटलेली पॅसेंजर आणि सुपरफास्ट यांत जो फरक, तोच. आवरण सलग नसतं, मध्येमध्ये उघड्या फटी असतात, त्यांना रॅनव्हिएच्या गाठी म्हणतात. संदेश फटीवरून फटीवर उडी मारत जातो, अधली स्टेशनं घेत नाही.

मेंदूत आणि मज्जारज्जूत हे आवरण चढवणारी पेशी म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट. मी तिला इथे 'वेढेकरी' म्हणणार आहे, शुद्धलेखनवाल्यांनी माफ करावं. पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश माणसाने १९२१ च्या सुमारास ती वेगळी ओळखून काढली. त्याआधी ती सूक्ष्मदर्शकाखाली नीट रंगतच नव्हती, त्यामुळे 'इतर' या गठ्ठ्यात पडून होती.

वेढेकरी पेशी जन्मतःच वेढेकरी नसते. आधी तिची एक तरुण अवस्था असते, पूर्वज पेशी. ती विभागते, मेंदूभर पसरते, मग थांबते, फांद्या काढते आणि शेवटी धाग्यांना लपेटते. माझा प्रश्न इथे सुरू होतो. विभाग, चाल, थांब, लपेट, हे तिला सांगतं कोण? आणि भाच्याच्या बाबतीत यातला कुठला निरोप पोचला नाही?

मला कळलं तेवढं असं. गर्भाच्या मज्जारज्जूच्या खालच्या, म्हणजे पोटाकडच्या बाजूने एक प्रथिन पाझरतं, सोनिक हेजहॉग. हो, व्हिडिओ गेममधल्या त्या निळ्या प्राण्याचंच नाव, १९९३ साली ठेवलेलं. माशीत आधी 'हेजहॉग' नावाचं जनुक सापडलं होतं, हा त्याचा भाऊबंद. त्याच्या प्रभावाखाली आलेल्या पेशींत ऑलिग-२ नावाचं जनुक चालू होतं. ऑलिग-२ नसेल तर मज्जारज्जूत वेढेकरी पेशी तयारच होत नाहीत. पाठीकडच्या बाजूने उलटा निरोप येतो, बीएमपी आणि विंट या प्रथिनांचा. तो म्हणतो, नको, इथे नको.

पुढचं उद्या. पोरगं माझ्या मांडीवर झोपलंय आणि एका हाताने टाइप करतेय.

---

खापरावरचे_मांडे (सोमवार रात्री १०:१५)

बठ्ठं समजनं नही, पन मजा उनी. भो, एक सांग, एक पेशी म्हणजे एक तार का? म्हणजे मांडा एक, खापर एक, असं?

तापीकाठची (सोमवार रात्री १०:५०)

ताई म्हण रे, भो काय म्हणतोस :)

नाही. हातापायाच्या नसांमध्ये श्वान पेशी (शास्त्रज्ञाचं नाव, कुत्रा नाही) असतात, त्यांचा हिशोब तुझ्या मांड्यासारखा, एक पेशी एका धाग्याचा एकच तुकडा झाकते. मेंदूतली वेढेकरी मात्र फांद्या पसरून ४०-५० तुकडे झाकू शकते, तेही वेगवेगळ्या धाग्यांवरचे. म्हणून मेंदूत एक पेशी गेली की एकदम बरीच स्टेशनं बंद पडतात.

आणि अजून एक गंमत. पागोटं बांधताना नवा वेढा वरून येतो ना? इथे उलट आहे. पेशीची जीभ धाग्याला चिकटून आतून सरकते आणि आधीचे वेढे बाहेर ढकलले जातात. आतल्या बाजूने बांधलेलं पागोटं. मला हे कळायला दोन दिवस लागले.

---

फडकरी_साक्री (मंगळवार सकाळी ६:२०)

राम राम ताई. मी पांझरेकाठचा, शेती आणि थोडं सिव्हिलचं काम. तुमचं ते 'खालून पाझरणारं प्रथिन' वाचून आमचा फड आठवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे नदीवर लहान बंधारे, त्यांतून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला. शेकडो वर्षांची पद्धत, आता बरीच मोडलीय.

तर पाटाच्या तोंडाशी असलेल्या फडाला भरपूर पाणी, तिथे ऊस. शेपटाकडच्या फडाला कमी, तिथे हरभरा. माती तीच, माणसं तीच, फक्त पाणी किती पोचलं यावरून पीक ठरतं. तुमच्या पेशींचंही असंच दिसतंय. सोनिक जास्त पोचला तर एक पीक, कमी पोचला तर दुसरं.

तापीकाठची (मंगळवार सकाळी ७:०५)

दादा, हे मला पुस्तकात कुणी असं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. अगदी हेच. उगमापासून दूर जाताना निरोप पातळ होत जातो आणि पेशी त्या पातळपणावरून स्वतःची जागा ओळखते. वोल्पर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये तीन पट्ट्यांच्या फ्रेंच झेंड्याचं उदाहरण देऊन हे मांडलं होतं. मला पाट जास्त आवडला.

शंकासुर (मंगळवार दुपारी १:३०)

विरजण घालतो, सवय आहे.

एक, फडात पीक गाव ठरवतं, पाटकरी पाणी देतो. गर्भात गावही नाही आणि पाटकरीही नाही. प्रत्येक पेशी आपापलं वाचते आणि शेजारणीचंही थोडं ऐकते. दोन, फक्त पाण्यावर पीक ठरत असेल तर हे सांगा: मज्जारज्जूतल्या ज्या पट्ट्यात ऑलिग-२ चालू असतं, त्याच पट्ट्यातून आधी स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी निघतात आणि वेढेकऱ्यांच्या पूर्वज पेशी नंतर. जागा तीच, सोनिक तोच, पीक मात्र दोन. मग पाण्याचा सिद्धांत पुरतो कुठे?

तीन, 'पेशीला सांगतात', 'पेशी ऐकते' हे बंद करा. पेशीला कान नाहीत.

फडकरी_साक्री (मंगळवार दुपारी १:५२)

तोच फड, आधी खरीप मग रब्बी. हंगाम बदलला की पीक बदलतं भाऊ. यात अवघड काय आहे?

शंकासुर (मंगळवार दुपारी १:५५)

…हे बरं उत्तर आहे.

तापीकाठची (मंगळवार रात्री ९:१०)

दोघांनाही नमस्कार. हंगाम बदलतो कसा ते शोधलं. सुरुवातीला ऑलिग-२ सोबत चेतापेशी घडवणारी जनुकं चालू असतात. नंतर ती बंद पडतात आणि सॉक्स गटातली, एनकेएक्स वगैरे मंडळी ऑलिग-२ ला येऊन मिळतात. जोडीदार बदलला की त्याच ऑलिग-२ चं काम बदलतं. आणि सगळ्या पेशी पहिल्याच हंगामात खर्ची पडू नयेत म्हणून नॉच नावाचा निरोप काही पेशींना राखीव ठेवतो. नॉच शेजारच्या पेशीला चिकटून दिला जातो, पाझरून नाही. म्हणजे बांधावर उभं राहून शेजाऱ्याचा हात धरून सांगणं, "तू आत्ता पेरू नकोस."

मेंदूच्या पुढच्या भागात तर हंगाम तीन. उंदरांत असं दिसलं, की पूर्वज पेशींची पहिली लाट खालच्या भागातून निघते, दुसरी जरा वरून आणि तिसरी जन्मानंतर खुद्द वरच्या थरातून. पहिल्या लाटेतल्या बहुतेक पेशी पुढे नाहीशा होतात. आधी आलेल्यांची जागा मागून आलेले घेतात. एसटीत रुमाल टाकून ठेवलेली जागासुद्धा इथे टिकत नाही.

कानाबद्दल. शंकासुर, पेशीला कान नाहीत हे खरं, पण पृष्ठभागावर निरोप पकडणारी ग्राहक प्रथिनं आहेत. पूर्वज पेशीवर पीडीजीएफ या वाढीच्या प्रथिनाचे ग्राहक असतात. पीडीजीएफचा कण आला की दोन ग्राहक एकत्र येतात, एकमेकांवर फॉस्फेटचा शिक्का मारतात आणि तो शिक्का आत एका प्रथिनावरून दुसऱ्यावर जात जात केंद्रकापर्यंत पोचतो. मग पेशी विभागते. हे 'ऐकणं' नाही तर काय ते तूच सांग.

आणि सोनिकचं तर भलतंच आहे. तो कुणाला ढकलत नाही. पेशीवर पॅच्ड नावाचा पहारेकरी असतो, तो स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला दाबून धरतो. सोनिक येऊन पॅच्डला अडकवतो, म्हणून स्मूदन्ड सुटतो आणि पुढचं काम सुरू होतं. 'पुढे जा' असा हुकूम कुणीच देत नाही, फक्त अडवणाऱ्याला कुणीतरी बाजूला घेतं.

---

पीलबाग (बुधवार सकाळी ११:००)

मी ऊतिसंवर्धनाच्या लॅबमध्ये काम करते, केळीचं. दोन दिवस नुसती वाचत होते, आता राहवलं नाही.

आम्ही हेच करतो हो! बाटलीत केळीच्या कंदाच्या कोंबाचा तुकडा ठेवतो. माध्यमात सायटोकायनिन हे वनस्पतींचं संप्रेरक जास्त घातलं की कोंबच कोंब फुटतात, एकाचे पाच, पाचाचे पंचवीस. मुळं मात्र येत नाहीत. मग तेच कोंब दुसऱ्या माध्यमात टाकतो, तिथे ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकाचं वजन जास्त. आता मुळं फुटतात. पेशी तीच, जनुकं तीच. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर हे दाखवलं, रावेर-यावलची निम्मी केळी आज त्यावर उभी आहे. 'निम्मी' अंदाजाने म्हटलं, लगेच पुरावा मागू नका शंकासुर.

आमच्या कामात नवीन मुली एकच चूक करतात. कोंब भराभर येतायत म्हणून त्याच माध्यमात ठेवत राहतात. वाढ दिसते ना, मन भरत नाही. पण थांबवलं नाही तर रोप कधी होतच नाही. म्हणून माझी शंका अशी: तुमच्या पूर्वज पेशीला 'विभाग' म्हणणारा पीडीजीएफ सापडला. 'आता पुरे' म्हणणारा कोण?

नंदुरबारी_मिरची (बुधवार दुपारी ४:४०)

शाळेत जीवशास्त्र शिकवतो, हा प्रश्न माझा.

लंडनला मार्टिन रॅफ यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या डोळ्याच्या नसेतून या पूर्वज पेशी वेगळ्या काढल्या. १९८३ ची गोष्ट. डोळ्याची नस निवडली कारण तिथे चेतापेशींची शरीरं नसतात, फक्त धागे असतात, गोंधळ कमी. पुढे १९८६ मध्ये सॅली टेंपल आणि रॅफ यांनी एक झकास प्रयोग केला. एक पेशी विभागली की तिच्या दोन लेकी वेगवेगळ्या बश्यांत ठेवल्या. एकमेकींना दिसत नाहीत, निरोप नाही. तरी दोघी साधारण सारख्याच वेळा विभागल्या आणि थांबल्या. जास्तीत जास्त आठ वेळा. म्हणजे पेशीच्या आत मोजणारं काहीतरी आहे.

पण नुसतं मोजून भागत नाही. पुढे १९९४ मध्ये दिसलं, की बशीत थायरॉइडचं संप्रेरक नसेल तर पीडीजीएफ मिळत राहिलेल्या पेशी विभागतच राहतात. मोजणी पूर्ण झाली तरी टोल देणारं कुणी नाही. थायरॉइड आलं की थांबतात आणि वेढेकरी बनायला लागतात. पीलबाग ताई, तुमचं दुसरं माध्यम ते हेच.

हे शिकवताना मला सातपुड्यातलं आमचं गाव आठवतं. लहानपणी बाजारच्या दिवशी गळ्याला गाठ असलेल्या म्हाताऱ्या बायका दिसायच्या. आम्ही पोरं बघत राहायचो. मिठात आयोडीन यायच्या आधीची पिढी. गर्भात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत थायरॉइड कमी पडलं तर मेंदू मागे राहतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यामागे ही वेढेकरी पेशीही आहे हे मला बी.एड. झाल्यावर दहा वर्षांनी कळलं.

पीलबाग (बुधवार दुपारी ४:५२)

आठ?? आमच्याकडेही माध्यमबदलाच्या फेऱ्या आठाच्या पुढे जाऊ देत नाहीत, नाहीतर विचित्र रोपं निघतात.

शंकासुर (बुधवार दुपारी ४:५५)

निव्वळ योगायोग. कृपया कुणी व्हॉट्सअॅपवर 'विश्वाचा आकडा आठ' असं टाकू नका.

बाकी एक भर. थायरॉइडचा ग्राहक पेशीच्या आत, थेट डीएनएवर बसलेला असतो. संप्रेरक नसताना तो रिकामा बसत नाही, तिथली जनुकं दाबून ठेवतो. संप्रेरक आलं की दाब सुटतो. म्हणजे ताई, तुमच्या पॅच्डसारखंच. इथेही ब्रेक सोडणं. मला हा धागा आता आवडायला लागलाय, त्याचं वाईट वाटतंय.

---

जुना_स्टेथो (बुधवार रात्री ८:३०)

धुळ्यात पस्तीस वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवला, आता निवृत्त. ताई, हे पहिलं वाक्य बहिणीला वाचून दाखवा: तिचं काही चुकलेलं नाही. ती विचारत असेलच.

आता कारण. गर्भाच्या साधारण २३ ते ३२ आठवड्यांच्या काळात मेंदूच्या पांढऱ्या भागात ज्या पेशी जास्त असतात, त्या तुमच्या पूर्वज आणि पूर्ण वेढेकरी यांच्या मधल्या पायरीवरच्या. फांद्या फुटलेल्या, पण लपेटायला अजून सुरुवात नाही. ही पायरी फार हळवी. ऑक्सिजन कमी पडला, संसर्गाने दाह झाला, तर सगळ्यात आधी हीच पेशी मरते. तिच्या आधीची बऱ्यापैकी टिकते, पूर्ण वाढलेलीही टिकते. कपाशीला पाते लागलेले असताना ताण बसला की पातेगळ होते, तोच ताण महिनाभर आधी बसला असता तर झाड सावरलं असतं. तुमचा भाचा नेमका पाते लागायच्या वेळेला बाहेर आला. फुप्फुसं कच्ची, रक्तदाब वरखाली, आणि मेंदूच्या त्या भागाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. यात बाईने पपई खाल्ली की गाडीवर बसली याचा काय संबंध?

मी शिकत होतो तेव्हा आम्हाला सांगायचे, पेशी मेल्या, विषय संपला. नंतर दगावलेल्या मुलांच्या मेंदूंचा अभ्यास झाला तेव्हा वेगळंच दिसलं. मेलेल्यांची जागा भरायला पूर्वज पेशी विभागतात आणि पुन्हा गर्दी करतात. माणसं कमी नसतातच. ती पुढच्या पायरीवर चढत नाहीत, तिथेच अडकून राहतात. इजा झालेल्या जागी तारकापेशी, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी, व्रण धरतात, तिथे हायल्युरोनन नावाचा चिकट पदार्थ साचतो आणि तो वेढेकरी होऊ देत नाही. विंट, बीएमपी, नॉच यांचे 'थांब' म्हणणारे निरोपही रेंगाळतात. गर्भात हे निरोप योग्य वेळी सुटायला हवे होते.

म्हणून तुमच्या रिपोर्टातला 'डिलेड' हा शब्द मी कधी सरसकट वाईट मानला नाही आणि सरसकट चांगलाही नाही. काही मुलांत आवरण मागून चढतं. काहींत धाग्यांनाच इजा झालेली असते, तिथे चढवायला खालीच काही नसतं. एका एमआरआयवरून हे सांगता येत नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी भविष्य सांगायचं टाळलं असेल तर रागावू नका.

दोन कामाच्या गोष्टी. एक, त्याची थायरॉइडची तपासणी जन्मानंतर एकदाच झाली असेल तर डॉक्टरांना विचारा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पहिली तपासणी ठीक येऊन दोष नंतर दिसू शकतो, म्हणून ती पुन्हा करतात. दोन, व्यायामोपचार सोडू नका. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे हे होतं.

तापीकाठची (बुधवार रात्री ११:३५)

सर, वाचून दाखवलं. पहिल्या वाक्यालाच रडली. सातव्या महिन्यात ती लग्नाला फैजपूरला गेली होती, सव्वा वर्ष ते मनात धरून बसली होती. मला हे माहीतच नव्हतं.

थायरॉइड पुन्हा केलेलं नाही. उद्या फोन करते.

---

खापरावरचे_मांडे (गुरुवार सकाळी ९:००)

स्टेथो सर, व्यायामाने पाय सुधरतील हे समजलं. पण त्याचा मेंदूतल्या चरबीशी काय संबंध? पाय कुठे, डोकं कुठे.

तापीकाठची (गुरुवार सकाळी १०:२०)

हाच मला या सगळ्यातला सर्वांत भारी भाग वाटला. धागा स्वतःही निरोप देतो. १९९३ मध्ये बॅरेस आणि रॅफ यांनी उंदराच्या डोळ्याच्या नसेतली विद्युत हालचाल टेट्रोडोटॉक्सिन या विषाने बंद केली, फुगा माशात असतं ते. तर पूर्वज पेशींचं विभागणंही घटलं. २०१४ मध्ये उंदराच्या मेंदूचा हालचालीचा भाग प्रकाशाने चेतवला तर तिथे पूर्वज पेशी वाढल्या आणि मायलिन जाड झालं. त्याच वर्षी अजून एक प्रयोग झाला. उंदराला वेड्यावाकड्या अंतरावर दांडे असलेल्या चाकावर धावायला शिकवायचं, पण त्याच्या मेंदूत नव्या वेढेकरी पेशी तयार होण्याचं जनुक, एमवायआरएफ, बंद करायचं. त्या उंदरांना चाक नीट जमत नव्हतं.

म्हणजे ज्या वाटेवरून रहदारी, त्या वाटेवर डांबर. आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांना हे लागू नाही, ते सोड.

शंकासुर (गुरुवार दुपारी १२:१०)

उंदीर निरोगी होते. भाच्याला याच मापाने फायदा होईल असं यातून निघत नाही. व्यायाम करावाच, पण तो स्नायू आखडू नयेत, हालचाल शिकावी म्हणूनही असतो. मायलिनची हमी म्हणून नको.

आणि धागा निरोप देतो हे खरं असलं तरी तोच एकटा देतो असं नाही. २०१२ मध्ये वेढेकरी पेशींना प्लास्टिकचे निर्जीव तंतू दिले. ना वीज, ना प्रथिन. तरी त्यांनी तंतूला लपेटलं! अट एकच, तंतूची जाडी ०.४ मायक्रोमीटरच्या वर हवी. त्याहून बारीक असेल तर दुर्लक्ष.

पीलबाग (गुरुवार दुपारी १२:४०)

प्लास्टिकला?!

फडकरी_साक्री (गुरुवार दुपारी १:१५)

वेल आहे ती. कारल्याचा वेल काठी साग आहे की सळई ते बघतो का? पकड बसली की चढला.

पीलबाग (गुरुवार दुपारी २:००)

अजून एक वाचलं, केळीचंच वाटलं. मोठ्या माणसाच्या मेंदूतही या पूर्वज पेशी असतात, एकूण पेशींच्या साधारण ५ टक्के, आणि एकमेकींपासून अंतर राखून. एकीच्या फांद्या दुसरीला लागल्या की मागे घेते. एक मेली किंवा वेढेकरी झाली, की शेजारची विभागून ती जागा भरते. आमच्या बागेत पाच बाय पाचवर खोड, घड कापला की बाजूचा एक पील (बुंध्यातून फुटलेला कोंब) ठेवायचा, बाकीचे छाटायचे. इथे छाटायला कुणी नाही, त्या आपल्या आपण पाळतात.

---

नंदुरबारी_मिरची (शुक्रवार सायंकाळी ६:३०)

ताई, सावध करायला लिहितोय. आमच्या गटात एक मेसेज फिरतोय, 'अॅलर्जीच्या साध्या गोळीने मेंदूचं आवरण परत येतं'. गोळीचं नाव क्लेमास्टिन. खरं आहे का?

जुना_स्टेथो (शुक्रवार रात्री ९:१५)

धागा खरा आहे, दोर खोटा आहे.

क्लेमास्टिन हे अॅलर्जीचं जुनं, झोप आणणारं औषध. २०१४ मध्ये बशीत बारीक शंकू उभे करून, त्यांना वेढेकरी पेशी किती वेढे घालतात हे मोजत अनेक औषधं चाळली, त्यात हे वर आलं. पूर्वज पेशीवरच्या मस्करिनिक ग्राहकाला ते अडवतं. पुन्हा ब्रेकच. २०१७ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मायलिन झडत जाणाऱ्या आजाराच्या, ५० रुग्णांवर चाचणी झाली. डोळ्यापासून मेंदूपर्यंत संदेश पोचायचा वेळ सरासरी १.७ मिलिसेकंदाने कमी झाला. एवढंच. रुग्ण मोठी माणसं, आजार वेगळा आणि फरक मोजायला यंत्र लागतं एवढा. सव्वा वर्षाच्या पोराला असलं औषध मेडिकलमधून आणून पाजलं तर श्वास मंदावू शकतो, झटके येऊ शकतात. कुणीही करू नका.

दुसरं उदाहरणही ऐका. लिंगो-१ नावाचं एक प्रथिन वेढेकरी पेशीला अडवतं. ते बंद केलं तर उंदरांत मायलिन वाढतं, २००५ मध्ये दिसलं. त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार केलं, मोठ्या चाचण्या केल्या आणि माणसांत ठरवलेला परिणाम मिळाला नाही. एकच ब्रेक सोडला, बाकीचे लागलेलेच होते.

शंकासुर (शुक्रवार रात्री ९:४०)

सरांच्या या प्रतिसादाला पिन करा. वर सोनिकमध्ये ब्रेक सोडणं, थायरॉइडमध्ये ब्रेक सोडणं, नॉच-विंट-बीएमपी-लिंगो तर सरळ ब्रेकच. या पेशीच्या आयुष्यात ढकलणारे थोडे आणि धरून ठेवणारे जास्त. मला वाटायचं वाढ म्हणजे जोर लावणं.

पीलबाग (शुक्रवार रात्री ९:५२)

लॅबमधल्या मुलींना उद्या वाचून दाखवते.

---

तापीकाठची (पुढचा गुरुवार रात्री ८:०५)

थायरॉइडचा रिपोर्ट आला, ठीक आहे. सर, तुमच्यामुळे केला, तिथल्या डॉक्टरांनीही 'बरं झालं विचारलंत' म्हटलं. एमआरआय पुन्हा दोन वर्षांचा झाल्यावर. व्यायामाला आठवड्यातून तीनदा नेतोय, बाकी दिवस घरी. टाचा अजून टेकत नाहीत. काल ताटलीतल्या शेवभाजीकडे दोन्ही हातांनी झेपावला आणि न कलता बसून राहिला. किती वेळ ते मोजलं नाही, आम्ही शेव वाचवत होतो.

जिजींना सगळा धागा वाचून दाखवला, भाषांतर करत करत. ब्रेकचं त्यांना फार पटलं नाही. केळीच्या बाटलीचं पटलं. विचारतायत, बाटलीतली केळी बघायला मिळेल का? पीलबाग, रविवारी आणू का त्यांना?

पीलबाग (गुरुवार रात्री ८:२०)

रविवारी लॅब बंद. शनिवारी अकरापर्यंत या. चपला बाहेर काढाव्या लागतील आणि डोक्याला टोपी घालावी लागेल, जिजींना आधी सांगून ठेवा.

तापीकाठची (गुरुवार रात्री ८:३१)

सांगितलं. म्हणतात, डोक्यावर पदर आहे की, टोपी कशाला.